कामाचे चामडी बूट: निवडण्यापासून पावसाळ्यात टिकवण्यापर्यंत, क्रमाने

महापे-रबाळेचे कारखाने असोत, घोडबंदर रोडवरची बांधकामं असोत की उरणकडचं कंटेनर यार्ड, बुटांबद्दल तक्रार एकच ऐकू येते: "सहा महिन्यांत गेले." तो गेलेला बूट हातात घेऊन पाहिला की सोलच्या खाचा निम्म्याही झिजलेल्या नसतात. वरचं चामडं मात्र चवड्याच्या घडीत तडकलेलं असतं, सुकतळा काळा पडलेला असतो आणि शिवणीच्या कडेनं मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते. असा बूट बहुतेक वेळा कामानं गेलेला नसतो. तो उन्हात वाळवल्यामुळे, मळावरच पॉलिश फासल्यामुळे किंवा मुळातच त्या कामासाठी चुकीचा घेतल्यामुळे गेलेला असतो.

बुटांची निगा बहुतेक जण राखतात, पण क्रम चुकतो. आधी तेल आणि मग धुणं, आधी पॉलिश आणि मग वाळवणं, आधी खरेदी आणि मग माप. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: दुकानात जायच्या आधी कामाची जमीन पाहा

दिवसातले जास्तीत जास्त तास पाय कशावर असतो, हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

सळ्या, खिळे ठोकलेल्या फळ्या आणि फुटक्या टाइल्सचा राडा असलेली साइट असेल, तर पुढे टो-कॅप, म्हणजे बोटांवरची कडक टोपी, हवीच, शिवाय सोलमध्ये खिळा आत न येऊ देणारा थरही हवा. हा थर कधी स्टीलच्या पातळ पत्र्याचा असतो, कधी घट्ट विणलेल्या कापडाचा. सेंट्रिंगचं काम करणाऱ्यांनी या बाबतीत तडजोड करू नये. शटरिंगच्या फळीतला उलटा खिळा साध्या पीयू (पॉलियुरेथेन) सोलमधून सहज आरपार जातो.

डांबरीकरण, वेल्डिंग, गॅस कटिंग असेल तर सोल नायट्राइल रबराचा घ्या. रस्त्यावर अंथरलं जाणारं डांबर साधारण १४० ते १६० अंश सेल्सिअस असतं आणि अशा मालावर पीयू सोल मऊ पडून खराब होतो. सोलवर किंवा जिभेच्या आत 'एचआरओ' ही अक्षरं असतील, तर तो सोल ३०० अंशांचा स्पर्श एक मिनिट सोसतो की नाही याची चाचणी झालेली असते.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा गोदामात हमाली असेल तर टो-कॅप आणि घट्ट टाच महत्त्वाची. खाडीकाठ, मिठागरं, जेट्टी अशा ठिकाणी खारं पाणी हाच मुख्य शत्रू असतो. तिथे सपाट, कमी शिवणीचं चामडं बरं, कारण मीठ आधी शिवणीतच बसतं.

ओलं काँक्रीट ओतणं, नालेसफाई, तुंबलेल्या पाण्यातलं काम यासाठी चामडी बूट घेऊच नका. त्यासाठी पीव्हीसीचा गमबूट लागतो, तोही टो-कॅपवाला मिळतो. चामड्याला गमबुटाचं काम लावलं की एका पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी नुकसान, बुटाचं आणि पायाचंही.

सावधान: बुटावर 'अँटिस्टॅटिक' लिहिलेलं असलं म्हणजे तो विजेच्या झटक्यापासून वाचवतो, असा समज सर्रास आढळतो. अँटिस्टॅटिक सोल अंगात साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत सोडतो, म्हणजे तो वीज थोडी वाहून नेतो. चालू लाइनवर काम करणाऱ्यांना वेगळे, विद्युतरोधक म्हणून तपासलेले बूट लागतात.

## टप्पा २: शिक्का वाचा

भारतात सेफ्टी बुटांसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. बुटावर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याच्या वर हा आकडा आणि भाग क्रमांक छापलेला असतो. भाग क्रमांक जरूर पाहा, कारण तिन्ही भागांचे बूट बाहेरून सारखेच दिसू शकतात.

भाग २ म्हणजे सेफ्टी बूट. याची टो-कॅप २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यासारखा. भाग ३ च्या बुटाची टो-कॅप १०० ज्यूलची असते. भाग ४ मध्ये टो-कॅप असावीच अशी अट नाही. बांधकाम आणि जड माल हाताळण्यासाठी भाग २ घ्या.

पुढे एस १, एस २, एस ३ असे वर्ग असतात. एस १ मध्ये टाच बंद, सोल अँटिस्टॅटिक आणि टाचेखाली धक्का शोषणारा थर असतो. एस २ मध्ये त्याशिवाय वरचं चामडं पाणी सहज शोषत नाही. एस ३ मध्ये खिळारोधक थर आणि खोल खाचांचा सोलही येतो. एस १ पुढे 'पी' असेल तर खिळारोधक थर आहे, पण चामड्याची पाण्याची चाचणी झालेली नाही. ठाणे-नवी मुंबईत उघड्यावर काम करणाऱ्याला परवडत असेल तर एस ३ घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एस ३ म्हणजे जलरोधक मात्र नव्हे. पाणी आत शिरायला वेळ लागतो, एवढंच.

तपासा: शिक्क्याखाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाका. परवाना कोणत्या कंपनीचा आहे आणि चालू आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. कंपनीचं नाव बुटावरच्या नावाशी जुळत नसेल तर बूट परत ठेवा.

बांधकामावर आणि कारखान्यात सुरक्षा साधनं पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे, हेही लक्षात असू द्या. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मंडळाच्या सुरक्षा संचात बूटही असतात. ते मिळाले तरी मापाचा टप्पा मात्र चुकवू नका.

## टप्पा ३: चामडं ओळखा

लेबलवर 'लेदर' लिहिलेलं असलं तरी त्यात बरेच प्रकार येतात. कातड्याचा सगळ्यात वरचा, न घासलेला थर म्हणजे फुल ग्रेन. तो सगळ्यात चिवट. वरचा थर थोडा घासून त्यावर दाणेदार नक्षी दाबलेलं म्हशीचं चामडं, ज्याला बाजारात 'बार्टन प्रिंट' म्हणतात, ते आपल्याकडच्या बहुतेक सेफ्टी बुटांत असतं. जाडी पुरेशी असेल तर तेही चांगलं टिकतं. तिसरा प्रकार स्प्लिट, म्हणजे कातड्याचा खालचा थर, वरून पीयूचा लेप दिलेला. नवीन असताना हाच सगळ्यात चकचकीत दिसतो. सहा महिन्यांत घडीवरचा लेप सोलून निघतो आणि खालचं भुसभुशीत चामडं पाणी पिऊ लागतं.

ओळखायचं कसं? चवड्याजवळ, जिथे पाय वाकतो तिथे, अंगठ्यानं चामडं आत दाबा. बारीक, एकमेकींत मिसळणाऱ्या सुरकुत्या पडल्या आणि बोट काढताच निघून गेल्या तर चामडं घट्ट आहे. ठळक, सुट्या घड्या पडल्या किंवा वरचा थर खालच्यापासून सुटून फुगल्यासारखा दिसला तर बूट ठेवून द्या. मग जिभेची किंवा कॉलरची कापलेली कड पाहा. तिथे चामड्याचा तंतू उघडा दिसतो. वर प्लास्टिकसारखी चकाकणारी वेगळी पट्टी दिसली तर तो लेप आहे.

जाडीबद्दल म्हणाल तर १.८ ते २ मिलिमीटर हे कामाच्या बुटाला योग्य. त्याहून पातळ चामडं ऑफिसच्या बुटाचं.

## टप्पा ४: सोल आणि तारीख

बहुतेक बुटांचा पीयू सोल साच्यात थेट वरच्या भागावर ओतलेला असतो. तो हलका असतो, पायाला मऊ लागतो, पण एकदा फुटला की बदलता येत नाही. कडेनं जाड दोऱ्याची शिवण असलेले वेल्टेड बूट महाग पडतात, पण त्यांचा सोल बदलून मिळतो. रोज दहा-बारा तास उभं राहणाऱ्याला दोन घनतेचा पीयू सोल, आत मऊ आणि बाहेर टणक, जास्त सोयीचा.

आता तारखेकडे वळू, कारण ही गोष्ट जवळपास कुणीच पाहत नाही. पीयू हवेतल्या ओलाव्यानं आतून तुटत जातो. बूट न वापरता खोक्यात पडून असला तरी हे चालूच असतं, आणि दमट, उष्ण गोदामात त्याचा वेग वाढतो. आपल्या किनारपट्टीवर याची झळ जास्तच बसते. सेलमध्ये घेतलेला कोरा बूट घातला आणि महिन्याभरात सोलचे ठोकळे पडले, यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. बुटावर तयार झाल्याचं वर्ष आणि महिना किंवा तिमाही छापलेली असते. दोन वर्षांहून जुना पीयू सोल मी कोणालाही घेऊ देणार नाही, कितीही स्वस्त असो.

तपासा: टाचेच्या कडेला नख रोवा. खळगा लगेच भरून आला तर ठीक. भुगा निघाला, चिकट लागलं किंवा नखाची खूण तशीच राहिली तर सोल संपलेला आहे.

## टप्पा ५: माप, घाई न करता

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं. चामडं सैल होतं, स्टीलची टो-कॅप होत नाही. "दोन दिवस वापरा भाऊ, आपोआप बसेल" हे वाक्य चपलेला लागू पडेल, टो-कॅपच्या बुटाला कधीच नाही.

१. संध्याकाळी जा, शक्यतो कामावरून सुटल्यावर. दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असतो आणि बूट त्याच पायात राहायचा असतो.

२. कामावर घालता तेच मोजे सोबत न्या. दुकानातल्या पातळ मोज्यावर घेतलेलं माप घरी येऊन चुकतं.

३. दोन्ही पायांचं माप घ्या. एक पाय थोडा मोठा असतोच. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्या आणि लहान पायात जास्तीचा सुकतळा घाला.

४. नाड्या पूर्ण सैल करून पाय आत घाला, बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवा. आता टाचेमागे तर्जनी अलगद गेली पाहिजे. गेली नाही तर बूट लहान. दोन बोटं गेली तर मोठा.

५. टाच मागे ठोकून नीट बसवा, मग खालून वर नाड्या बांधा. बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये.

६. आता उकिडवे बसा. बसताना टो-कॅपची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतते का, ते पाहा. फरशी, प्लंबिंग, सळ्या बांधणं अशा कामात तासन्‌तास असंच बसावं लागतं. इथे टोचलं तर नंबर न वाढवता दुसऱ्या घडणीचा बूट घ्या.

७. जिना चढा-उतरा. उतरताना बोटं पुढे आदळली तर बूट लांबीला कमी किंवा नाड्यांची पकड ढिली.

लहानपणापासून चपलेत वावरलेल्या माणसाचा चवडा पसरट असतो. त्याला आठ नंबर लांबीला बरोबर आणि रुंदीला आवळ होतो. मग तो नऊ घेतो, टाच सैल राहते आणि आठवड्याभरात टाचेला फोड येतात. अशा पायासाठी 'वाइड फिट' किंवा रुंद टो-कॅपचा बूट मागा. दुकानात नसेल तर दुसरं दुकान. ठाण्यात-वाशीत मनासारखं मिळालं नाही, तर मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअर आणि सेफ्टीचा बाजार आहे. तिथे एकाच फेरीत बऱ्याच घडणी पायात घालून पाहता येतात.

सावधान: मित्राचा, भावाचा किंवा आधीच्या कामगाराचा वापरलेला बूट घेऊ नका. सुकतळा आणि आतला तळ पहिल्या माणसाच्या पायाप्रमाणे बसलेला असतो आणि टो-कॅपवर आधी काय पडलं होतं, ते बाहेरून कळत नाही.

## टप्पा ६: पहिला आठवडा

नवा बूट पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट घालू नका. दोन-तीन दिवस दोन-तीन तास, मग अर्धी पाळी, मग पूर्ण. कामावर लगेच घालावाच लागत असेल तर जुना जोड पिशवीत ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. टाचेला आणि करंगळीला आधीच पट्टी लावून ठेवा.

लवकर मऊ व्हावा म्हणून बूट पाण्यात भिजवणं किंवा घासलेट चोळणं, दोन्ही टाळा. पाण्यानं चामड्याचा आकार बिघडतो, घासलेटानं आतलं तेल निघून जातं आणि सोलचा चिकटाही सुटतो.

## टप्पा ७: रोज संध्याकाळची पाच मिनिटं

नाड्या पूर्ण सोडा. टाच दुसऱ्या पायानं दाबून बूट काढायची सवय मोडा, त्यामुळे टाचेची भिंत बसते. सुकतळा काढून उभा ठेवा. जीभ पुढे ओढा म्हणजे तोंड उघडं राहील. घोड्याच्या केसांचा किंवा कोणताही मऊ ब्रश घेऊन धूळ झाडा, विशेषतः जीभ जिथे वरच्या भागाला जोडलेली असते त्या खोबणीतून. तिथली वाळू चालताना कानसीसारखी दोरा कापत राहते. सोलच्या खाचांतला खडा-चिखल काडीनं काढा.

बूट पलंगाखाली किंवा दाराआडच्या बंद कपाटात जाऊ नयेत. जिथे वारा खेळतो तिथे ठेवा.

दोन जोड असणं ही चैन नाही. दिवसभराचा घाम चामड्यातून पूर्ण निघायला एक रात्र पुरत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. आलटून पालटून वापरलेले दोन जोड एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त काळ टिकतात. मोजेही रोज बदला. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो, थोडं नायलॉन मिसळलेला जाड मोजा लवकर वाळतो.

## टप्पा ८: बूट भिजला, आता काय

या टप्प्यावर सगळ्यात जास्त बूट फुकट जातात, म्हणून इथे जरा थांबू.

चामड्याच्या तंतूंमध्ये तेल असतं, त्यामुळे ते एकमेकांवर सरकतात आणि चामडं वाकतं. चामडं भिजून जोरात तापवलं की पाणी निघताना तेलही जागचं हलतं, तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं आक्रसतं. दुसऱ्या दिवशी पाय घातला की ते घडीवर तडकतं. ही तडक कोणत्याही पॉलिशनं परत भरत नाही. कडक ऊन, शेगडी, भट्टीची बाजू, जनरेटरवरची ऊबदार जागा, हेअर ड्रायर, वेल्डिंगचा नुकताच थंड होणारा पत्रा, यांतलं काहीही वापरू नका.

क्रम असा:

१. चिखल ओला असतानाच साध्या पाण्यानं आणि फडक्यानं पुसून काढा. वाळू देऊ नका.

२. नाड्या आणि सुकतळा बाहेर. दोन्ही वेगळे धुऊन वाळवा.

३. कोरड्या फडक्यानं आतून दाबून पाणी टिपून घ्या.

४. वर्तमानपत्राचे बोळे करून आत भरा, पुढच्या टोकापर्यंत. तासाभरानं ते काढा, हाताला ओले लागतील. नवे भरा. झोपायच्या आधी आणखी एकदा बदला. बहुतेक जण बोळे एकदाच भरून सकाळपर्यंत तसेच ठेवतात आणि मग ओला कागदच बुटाला रात्रभर ओलं ठेवतो.

५. बूट आडवा, कुशीवर ठेवा, म्हणजे सोललाही हवा लागेल. पंख्याखाली ठेवा, साधा वारा पुरे.

६. आतून पूर्ण वाळायला २४ ते ४८ तास धरा. जुलैत त्याहून जास्तही लागतात.

तपासा: वाळला का, हे बाहेरून हात लावून ठरवू नका. बोटं आत पार टो-कॅपच्या खालपर्यंत घाला. तिथे गार लागलं तर अजून ओल आहे.

ओला बूट पॉलिश करू नका, तेलही लावू नका. वरून थर बसतो आणि पाणी आत कोंडतं. बुरशीला यापेक्षा चांगली जागा मिळत नाही.

## टप्पा ९: सिमेंट, मीठ, तेल यांची वेगवेगळी रीत

सिमेंट. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, म्हणजे ते तीव्र क्षारधर्मी असतं, चामडं मात्र थोडं आम्लधर्मी असतं. म्हणून सिमेंट चामड्याला अक्षरशः खातं. कोरडी सिमेंटची धूळ असेल तर आधी ब्रशनं पूर्ण झाडा. थेट पाणी मारलं की त्या धुळीचा क्षारयुक्त लगदा होऊन शिवणीत शिरतो. ओला माल उडाला असेल तर तो घट्ट व्हायच्या आत धुवा. मग पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग, या मिश्रणात फडकं बुडवून, पिळून पुसा आणि शेवटी साध्या पाण्याच्या फडक्यानं पुन्हा. घट्ट झालेला गोळा चाकूनं उचकटू नका, चामड्याचा वरचा थर सोबत निघतो. ओलं सिमेंट बुटाच्या आत गेलं तर काम तिथेच थांबवून पाय भरपूर पाण्यानं धुवा. त्यानं त्वचा भाजते आणि सुरुवातीला दुखतही नाही.

मीठ. खाडीच्या पाण्यातून आलात तर बूट त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसा. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, म्हणून असा बूट कधी वाळतच नाही आणि वाळला तरी लाकडासारखा होतो. पांढरी रेघ उमटली असेल तर वरचंच व्हिनेगरचं मिश्रण चालतं. डोळे, म्हणजे नाडीची धातूची भोकं, वेगळी पुसा. ती गंजली की नाडी कापतात.

तेल-ग्रीस. आधी कोरड्या चिंधीनं टिपा. मग खडूची भुकटी किंवा कॉर्नफ्लोअर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. नंतर सौम्य साबणाच्या फेसानं पुसा. पेट्रोल, थिनर, घासलेट हे चामड्याचंही तेल नेतात आणि सोल सोडवतात. कपड्याच्या पावडरीतही क्षार असतो, ती नकोच.

## टप्पा १०: तेल, मेण, पॉलिश

क्रम पक्का आहे: झाडणं, पुसणं, वाळवणं, तेल-मेण, एक रात्र थांबणं, पॉलिश.

आधी एक थेंब पाणी चामड्यावर टाका. थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे, त्याला तेल-मेणाची गरज आहे. थेंब मोत्यासारखा राहिला तर एक तर आधीचं मेण शाबूत आहे किंवा बुटाला पीयूचा लेप आहे. लेपाच्या बुटात तेल जिरतच नाही, त्याला ओलं फडकं पुरे.

डबिन (चामड्यासाठीचं तेल-मेणाचं मिश्रण) किंवा मिंक ऑइल बोटावर वाटाण्याएवढं घ्या आणि हातानंच चोळा. बोटांच्या उबेनं ते आत जातं. चवड्याची घडी, जिभेच्या शिवणी आणि वरचा भाग सोलला मिळतो ती रेघ, या तीन जागांना जास्त वेळ द्या. सकाळी जास्तीचं पुसून टाका आणि मग डबीतलं वॅक्स पॉलिश लावा. नेहमीच्या कामात तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, खारं पाणी किंवा सिमेंट असेल तर पंधरा दिवसांनी.

खोबरेल किंवा मोहरीचं तेल लावायची पद्धत घरोघरी आहे. त्यानं बूट त्या दिवशी मऊ लागतो हे खरं, पण धूळ चिकटते, तेल खवट होतं आणि दमट हवेत बुरशीला खाद्य मिळतं. नुसतं पॉलिश मारत राहणंही तितकंच अपुरं. ते वर बसतं, आतलं चामडं सुकतच राहतं. आणि तेल जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होऊन घोट्याचा आधार जातो.

स्वेड किंवा नुबकच्या, म्हणजे मखमली पृष्ठभागाच्या चामड्याच्या, बुटाला यातलं काहीही लावू नका. रबरी ब्रश आणि त्यासाठीचा पाणीरोधक स्प्रे, एवढंच.

## टप्पा ११: मृगाच्या आधी आणि पावसाळाभर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बूट पूर्ण स्वच्छ करून मेणाचे दोन हात द्या, मध्ये एक रात्र ठेवून. सैल शिवणी याच वेळी करून घ्या. पाऊस सुरू झाला की मोच्यालाही ओल्या चामड्यावर चिकटवून देता येत नाही.

जून ते सप्टेंबर गमबूट आणि चामडी बूट दोन्ही हाताशी ठेवा. पाणी साचलेल्या ठिकाणी गमबूट, स्लॅबखाली आणि कोरड्या जागी चामडं.

न वापरलेला बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही बुरशीची हमखास सोय. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत कोरडा कागद, जमल्यास सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या.

बुरशी आलीच तर बूट घराबाहेर न्या, तोंडाला रुमाल बांधा आणि कोरड्या ब्रशनं झाडा. मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन आतून-बाहेरून पुसा, टप्पा ८ प्रमाणे वाळवा. सुकतळा फेकून नवा घाला. झाडायचा तो ब्रश पुन्हा पॉलिशला वापरू नका, बुरशी दुसऱ्या जोडाला लागते.

## टप्पा १२: मोच्याकडे काय न्यावं, काय नाही

स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर सुटलेली शिवण, निघालेलं डोळं, फाटलेली कॉलर, वेल्टेड बुटाचा सोल, ही कामं उत्तम होतात. सोलची कड नुकतीच उचलायला लागली असेल तर सोल्युशन लावून दाबून बसते. तिथे माती शिरण्याआधी न्या, माती शिरली की चिकटत नाही. शिवणीला नायलॉनचा मेण लावलेला दोरा मागा. सुती दोरा घामानं कुजतो.

सावधान: सोलमध्ये खिळे मारू देऊ नका. खिळारोधक थराला भोक पडतं, अँटिस्टॅटिक गुण जातो आणि खिळ्याचं टोक पुढे-मागे पायात येतं. टो-कॅपच्या भागात काहीही कापू-ठोकू नये. भुगा होणारा पीयू सोल चिकटवण्यात पैसे घालू नका, दुसऱ्या आठवड्यात तो शेजारून फुटतो.

## टप्पा १३: बूट कधी टाकायचा

महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, बूट उजेडात धरून एवढं पाहा:

- चामड्यावरची तडक चामड्याच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल गेली आहे का
- सोलवर १० मिलिमीटरपेक्षा लांब आणि ३ मिलिमीटरपेक्षा खोल चीर आहे का
- वरचा भाग आणि सोल १५ मिलिमीटर लांबीपर्यंत आणि ५ मिलिमीटर खोल सुटले आहेत का
- पाय वाकतो तिथल्या खाचा १.५ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या आहेत का
- आत हात फिरवल्यावर टो-कॅपची कड अस्तरातून बोटाला लागते का

यांपैकी एक जरी 'हो' आलं तरी बूट कामावर घालू नका. आणि टो-कॅपवर एकदा जड वस्तू पडली असेल तर बाहेरून काही दिसो न दिसो, जोड बदला. वाकलेली स्टील टोपी पुढच्या आघाताला पुन्हा तितकी सोसत नाही. काँपोझिट, म्हणजे बिनधातूच्या, टोपीला तर आतून तडा गेलेला बाहेरून दिसतही नाही.

असा बूट कचऱ्यात टाकताना नाड्या काढून घ्या आणि वरचं चामडं कटरनं आडवं कापून टाका. नुसता ठेवून दिला तर साइटवर दुसरं कुणीतरी तो उचलतं आणि टो-कॅप धड आहे असं समजून घालतं.